उभी राहिली की बंद पडते

आमची गाडी चालते झकास. तिला उभे मात्र राहता येत नाही. सिंहगड रस्त्याने ताशी पन्नास किलोमीटरने जाताना तिच्या वयाचा कोणाला संशयही येऊ नये. पण पुढे सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबून गियर न्यूट्रलला आणला, की ती दोन आचके देते, बॉनेट थरथरते आणि सारे शांत. किल्ली फिरवली की लगेच सुरू. पाय रेसवर ठेवला तर तासभर खुशाल चालू राहील. पाय काढला की संपले. गेल्या उन्हाळ्यात सुरू झालेला हा आजार श्रावण संपेपर्यंत आमच्या घराला पुरला.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८९ मध्ये बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. मूळची ही इटलीतल्या फियाटची '११००'. कुर्ल्याच्या कारखान्यात ती आधी फियाट या नावानेच होत असे. १९७४ पासून पद्मिनी झाली. लग्नात नाव बदललेल्या मुलीला माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तशी आमच्या घरी ती अजून 'फियाट'च आहे. पुढची बैठक अखंड, बाकासारखी. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्यामुळे पुढे तिघे बसता येते. डावीकडे आई, उजवीकडे अण्णा आणि मध्ये मी, अशी आमची महाबळेश्वरची यात्रा मला आजही आठवते. मागच्या सीटवर माझा धाकटा भाऊ आणि एक करंडीभर फराळ असे. फराळाची राखण त्याच्याकडे देण्याची चूक आई दर वर्षी करी.

आई गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. अण्णा एकोणऐंशीचे आहेत. भाऊ बंगळूरला असतो आणि 'दादा, ती गाडी आता भंगारात दे, रीतसर प्रमाणपत्र मिळतं' असे दर दोन महिन्यांनी फोनवर सांगतो. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ हा होता; त्या दिवशी त्याने सकाळीच फोन केला होता. अण्णांनी त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रातले टॅक्सीचे चित्र कापून पंचांगात ठेवले. पुढे २०२४ मध्ये आम्ही पर्यावरण कर भरून गाडीची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी करून घेतली, तेव्हा तो विषय तात्पुरता मिटला होता.

अण्णांना गेली काही वर्षे कमी ऐकू येते. कानाचे यंत्र आहे, पण 'त्यात माणसांपेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त येतो' म्हणून ते बहुधा खिशात असते. एके काळी हेच अण्णा तिसऱ्या मजल्यावरून खाली कोणाची गाडी आली आणि तिच्या कोणत्या सिलिंडरात गडबड आहे हे सांगत. आता दाराची घंटा त्यांना कळत नाही.

तर जुलैमधली गोष्ट. ते कानाचे यंत्रच दाखवायला मी अण्णांना घेऊन कर्वे रस्त्याने निघालो होतो. पाऊस, संध्याकाळची वेळ, आणि नळ स्टॉपचा सिग्नल. गाडी बंद पडली. सुरू केली, चार फूट सरकलो, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा सिग्नल हिरवा होता आणि मागे एक बस होती. बसचा हॉर्न हा काय प्रकार असतो ते सर्वांना ठाऊक आहे. माझा तोल गेला. किल्ली फिरवता फिरवता मी ओरडलो, "भंगारात घातली पाहिजे ही! तुमच्या एकट्याच्या हट्टापायी सगळ्यांनी किती दिवस भोगायचं?"

अण्णा समोर बघत होते. यंत्र त्यांच्या मांडीवर, डबीत होते. त्यांना ऐकू गेले नाही असे मी धरून चाललो आणि मला हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तरपत्रिका तपासायला बसलो, तर टेबलावर गठ्ठ्याशेजारी गाडीचे आर. सी. बुक, विम्याचे कागद आणि जादा किल्ली एका रबरात बांधून ठेवलेली. अण्णा बाल्कनीत पेपर वाचत होते. मी काही विचारले नाही; त्यांनी काही सांगितले नाही. ते कागद मी जागचे हलवलेही नाहीत. परत कपाटात ठेवावे तर काय म्हणून ठेवायचे, आणि उचलून बाजूला ठेवावे तर ते स्वीकारल्यासारखे होणार.

मी गाडी दुरुस्त करायची ठरवली ती या अवघडलेपणातून. गाडीवरचे प्रेम वगैरे नंतर.

त्याआधी मे महिन्यात मी तिला एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये नेले होते. तिथल्या मुलाने बॉनेट उघडले, इकडे-तिकडे पाहिले आणि विचारले, "सर, स्कॅनर कुठं लावायचा?" कार्ब्युरेटर ही वस्तू त्याने बहुधा प्रथमच पाहिली असावी. शेवटी त्याच्या वरच्या माणसाने एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला. आठवडाभर गाडी सिग्नलला उभी राहू लागली, पण शर्यतीच्या घोड्यासारखी गुरगुरत. आणि किल्ली काढली तरी इंजिन चार-दोन झटके देऊन मग बंद होई. रोग जागच्या जागी होता, फक्त त्यावर आरडाओरडा चढवला होता. आठवड्याने ती पुन्हा बंद पडू लागली.

मग मी वाचायला घेतले. आमच्या धंद्यातल्या माणसाला प्रत्येक अडचणीवर पुस्तकी उपाय सुचतो. वाचून मी ठिणगीचा पक्ष घेतला. नवे प्लग आणले. 'डेल्को'मधले पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. शेवटी कॉइलही बदलली. साडेचार हजार रुपये गेले आणि गाडी पूर्वीइतक्याच निष्ठेने बंद पडत राहिली. विद्यार्थी पाठ केलेले उत्तर प्रश्न न वाचता लिहितात तेव्हा मी त्यांना शून्य देतो. इथे मला कोणी गुण देणारे नव्हते, एवढेच.

जाता जाता एक सांगतो. इंजिन चालू आणि गाडी उभी, या अवस्थेला मराठीत शब्द नाही. गॅरेजमध्ये त्याला 'स्लो' म्हणतात. 'गाडी स्लो धरत नाही', 'स्लो सेट करा'. एखाद्या शब्दकोशात हा 'स्लो' नाम म्हणून घालायला माझी हरकत नाही.

ऑगस्टातल्या एका रविवारी मी खाली बॉनेट उघडून उभा होतो. अण्णा पंचा खांद्यावर टाकून जिना उतरून आले. कागदांच्या त्या सकाळीनंतर ते गाडीजवळ आले नव्हते. थोडा वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "इंजिन गरम आहे का?" मी मान हलवली. "चोक जरा ओढून बघ. पुरता नको, अर्धा."

गरम इंजिनाला चोक दिला तर ते गुदमरायला हवे. आमचे उलट सावरले. धापा टाकणारा माणूस पाण्याच्या दोन घोटांनी सावरावा तसे.

"हां," अण्णा म्हणाले. "म्हणजे पेट्रोल कमी पडतंय नाही तर हवा जास्त होतेय. दोनच. बाकीचं सगळं सोडून दे."

साडेचार हजारांच्या वस्तू त्या 'बाकीच्या'त होत्या. पण हे मला वाचून कळायला हवे होते, आणि नंतर त्यांनी बोटांनी दाखवले तेव्हा कळले. पाय रेसवर असतो तेव्हा कार्ब्युरेटरमधली झडप उघडी असते, हवा धो धो आत जाते आणि मोठ्या जेटमधून पेट्रोल ओढून नेते. पाय काढला की झडप जवळजवळ मिटते. मग इंजिनाला जगवते ती एक निराळी, बारीक वाट, आणि तिच्या तोंडाशी असलेला स्लोचा जेट. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात एक कण अडकला की रस्त्यावर काही कळत नाही, सिग्नलला सगळे कळते.

"फक्त जेट काढ," अण्णा म्हणाले. "आख्खा कार्ब्युरेटर काढू नकोस. आणि भोकात तार घालू नकोस. भोक मोठं झालं की जेट गेला."

जेट काढला. उजेडाकडे धरला तर भोक दिसेना. पंपाने हवा मारली तेव्हा एक काळा कण उडाला: रबराचा. पेट्रोलच्या जुन्या नळीचे आतले अंग सुटू लागले होते. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असते, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबर त्यासाठी केलेले नसते. शिवाय इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो. त्यामुळे त्याच जेटातून येणारे मिश्रण आणखी पातळ होते. म्हणजे आधीच अर्धपोटी असलेल्याच्या ताटात पाणीदार आमटी. नळी बदलली, जेट बसवला, आणि गाडी स्लोला उभी राहिली. अण्णा काही न बोलता वर गेले.

इथे ही गोष्ट संपायची. पण मला चैन पडेना. एका नळीतून एक कण आला, तर आत आणखी किती असतील? दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. अण्णांनी बजावले असूनही मी आख्खा कार्ब्युरेटर उतरवला, लख्ख धुतला, आणि परत बसवताना हवा शिरू नये म्हणून दोन्ही नट अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून पिळले.

गाडी पुन्हा बंद पडू लागली. या वेळी तऱ्हा वेगळी. आधी ती गपकन मरे. आता तिचा आवाज चढे, उतरे, पुन्हा चढे, आणि अशा तीन-चार हेलकाव्यांनंतर ती बंद होई. हा फरक माझ्या कानावर पडत होता, पण मी तो ऐकला नाही. 'पुन्हा तेच' एवढेच माझ्या डोक्यात. नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी एक मिनिट कान दिला आणि म्हणाले, "साहेब, वॉल्व्ह गेलाय. हेड उतरवावं लागेल." सांगितलेला आकडा ऐकून मी घरी आलो आणि बंगळूरला फोन लावला. भाऊ म्हणाला, "दादा, तुझं झालं ना समाधान? आता दे सोडून." मी 'बघतो' म्हटले. टेबलावर कागद होतेच. कन्येने विचारले, "बाबा, आजोबांना कोण सांगणार?" आमच्या घरात नेमके प्रश्न विचारण्याचे खाते तिच्याकडे आहे.

आजोबांना तिनेच सांगितले; म्हणजे पाटीवर लिहून दाखवतात तसे मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले. अण्णांनी ते वाचले आणि म्हणाले, "वॉल्व्ह? चल बघू."

खाली आल्यावर त्यांनी एक कागद मागितला. माझ्या खिशात उत्तरपत्रिकेचे एक कोरे पान होते. त्याची पट्टी फाडून त्यांनी ती मागे वाकून धुराच्या नळीपाशी धरली आणि मला रेसवर किंचित पाय ठेवून इंजिन चालू ठेवायला सांगितले. कागद फडफडत राहिला, बाहेरच्या बाहेर. "वॉल्व्ह गळत असता तर हा मधूनच आत ओढला गेला असता," ते म्हणाले. "वॉल्व्ह ठीक आहे." हेड उतरवण्याचा सारा खर्च त्या कागदाने वाचवला.

मग ते पुढे आले आणि त्यांनी उजवा तळवा मडगार्डवर ठेवला. कन्येला म्हणाले, "तुझ्या आजीच्या शिलाई मशीनच्या खणात तेलाची कुपी असेल, ती आण." ती कुपी नऊ वर्षांत कोणी हलवली नव्हती. होती तिथेच होती.

इंजिन स्लोला हेलकावे खात होते. अण्णांनी कार्ब्युरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेने, तेलाचे थेंब सोडायला सुरुवात केली. एका बाजूने सोडले, काही नाही. नट होता तिथे सोडले, काही नाही. पलीकडच्या बाजूला, दोन नटांच्या मधोमध, तीन-चार थेंब पडले, आणि अण्णांनी हात थांबवला.

"आवाज बदलला का?" त्यांनी मला विचारले.

मी गोंधळलो. खरे सांगायचे तर माझे लक्ष कुपीकडे होते. ती पाहून मला आईच आठवत होती. "कळलं नाही," मी म्हणालो.

"मला हाताला कळलं," अण्णा म्हणाले. "थरथर थांबली. आता बघ, पुन्हा सुरू होईल." तेल ओढले गेले आणि हेलकावे पुन्हा सुरू झाले. त्यांनी पुन्हा तिथेच दोन थेंब टाकले. या वेळी मी ऐकले. स्वर सरळ झाला, क्षणभर टिकला, आणि परत डळमळला. "हवा खातेय इथनं. तेलानं फट तेवढ्यापुरती बुजते."

स्लोला झडप मिटलेली असते म्हणून इंजिनाची ओढ त्या वेळी सर्वांत जोराची असते. झडपेच्या खाली केसाएवढी फट असली तरी तेवढी चोरटी हवा मिश्रण बिघडवायला पुरते. वेगात जाताना हवेच्या लोंढ्यात ती कुठच्या कुठे जिरते. हे त्यांनी मला सांगितले नाही, माझे मला कळले. त्यांनी एवढेच विचारले, "कार्ब्युरेटर काढला होतास?"

मी हो म्हटले.

"आणि बसवताना दाबून पिळलास."

मी गप्प बसलो. माझ्या वर्गात, पुस्तक न आणलेली मुले बसतात तसा.

कार्ब्युरेटर उतरवला. कन्येच्या कंपासपेटीतली पोलादी पट्टी त्याच्या बुडावर आडवी ठेवली. दोन टोकांना टेकली, मध्ये उजेड दिसत होता. नट अवाजवी आवळल्याने कान वाकले होते, आणि मधोमध फट राहिली होती. म्हणजे पहिला बिघाड गाडीचा होता, आणि दुसरा, जो वॉल्व्हच्या नावावर खपणार होता आणि ज्यापायी मी तिला विकायला निघालो होतो, तो शंभर टक्के माझा होता.

दुरुस्तीला एक संध्याकाळ लागली. जुन्या तसबिरीची काच काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि कार्ब्युरेटरचे बूड त्यावर गोल गोल घासले. पाच मिनिटे मी, पाच मिनिटे अण्णा. मधूनमधून पट्टी लावून उजेड पाहायचा. सौभाग्यवती दोनदा येऊन पाहून गेल्या. जेवणाच्या टेबलावर काय चालावे आणि काय चालू नये याविषयी त्यांची मते ठाम आहेत, पण त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत आणि पानेही जमिनीवर मांडली. नव्या पॅकिंगचा कागद कन्येने कापला. नट आवळताना अण्णांनी माझ्या हातातला पाना काढून पुन्हा माझ्याच हातात दिला, पण टोकाला न धरता मध्यावर धरायला लावला. "इथं धरलास की तुला जास्त जोर लावताच येणार नाही. एकदा हा, एकदा तो. थोडं थोडं."

शेवटी स्लो लावायचा राहिला. मी स्क्रूवर आणि अण्णांचा तळवा मडगार्डवर. मोठ्या वर्कशॉपने पिळून ठेवलेला स्क्रू मी सोडत गेलो. ते बोटाने खूण करीत, आणखी, आणखी, थांब. अंगणात बसलेले कबूतर उडून जाऊ नये इतक्या हळू आवाजात गाडी चालू राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघेच कर्वे रस्त्याने निघालो. काम काही नव्हते. नळ स्टॉपला सिग्नल लाल मिळाला, आणि आयुष्यात प्रथमच तो लाल मिळाल्याचा मला आनंद झाला. गियर न्यूट्रलला आणला, पाय काढला. गाडी उभी होती आणि चालू होती. अण्णांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला होता. वरून मेट्रो गेली. सिग्नलचे आकडे उतरत होते. अजून चाळीस सेकंद होते.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या दिवशी इथं मी जे बोललो..."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, कानाला हात लावला आणि म्हणाले, "मशीन घरी राहिलंय रे. ऐकू येत नाही."

यंत्र त्यांच्या कानात होते. निघताना कन्येने स्वतः बसवून दिले होते.

मी पुढे काही बोललो नाही. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षाने सवयीप्रमाणे हॉर्न दिला आणि अण्णांनी त्रासिक चेहरा करून मागे वळून पाहिले. घरी आल्यावर मी उत्तरपत्रिकांना बसलो तेव्हा टेबलावरचे कागद आणि जादा किल्ली नव्हती. शिलाई मशीनच्या खणात तेलाच्या कुपीशेजारी ती मला दोन दिवसांनी सापडली. मी ती तिथेच राहू दिली.